चुकीचं कार्ड दिलं की मोठी घंटा: चार्ल्स बॅबेजची गोष्ट

फॉर्म भरताना मोबाइल नंबरच्या चौकटीत नऊच आकडे टाकले की कड लाल होते आणि खाली बारीक अक्षरांत काहीतरी उमटतं. आपण वैतागतो, राहिलेला आकडा टाकतो आणि पुढे जातो. या तपासणीला व्हॅलिडेशन म्हणतात. आत येणारी माहिती वापरण्यासारखी आहे का, हे वापरायच्या आधी बघून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण कोडचे तुकडे दाखवून समजावणारे लेख ढिगाने सापडतात. म्हणून आज मी कोड बाजूला ठेवून एका माणसाचं आयुष्य सांगणार आहे. चार्ल्स बॅबेज. शाळेच्या पुस्तकात संगणकाचा जनक म्हणून एका ओळीत उरकलेला तोच.

मला तो जवळचा वाटायला लागला त्याला माझीच एक फजिती कारणीभूत आहे. आमच्या मंडळाच्या चित्रकला स्पर्धेसाठी मी एकदा ऑनलाइन फॉर्म बनवला होता. नाव, वय, मोबाइल नंबर, बस्स. तपासणीचे सगळे नियम ब्राउझरमध्ये, म्हणजे भरणाऱ्याच्या फोनवरच चालणारे. सर्व्हरवर, म्हणजे जिथे माहिती शेवटी पोचते आणि साठते तिथे, एकही नियम नाही. ब्राउझरने तपासलंय ना, मग परत कशाला, असा माझा हिशोब. यादी उघडली तर एका स्पर्धकाचं वय उणे चार! कुणीतरी गंमत म्हणून नियम बंद करून फॉर्म पाठवला होता. ते हसण्यावारी गेलं.

दुसरी गोष्ट मात्र गेली नाही. नावाच्या चौकटीला मी फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असा नियम लावला होता. ज्या मुलांनी आपलं नाव मराठीत लिहिलं, त्यांना फॉर्मने पुढे जाऊच दिलं नाही, आणि सूचना काय, तर नाव चुकीचं आहे. स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी रंगपेटी घेऊन आली आणि यादीत ती नव्हतीच. तिला आम्ही बसवून घेतलं. पण तिचं स्वतःचं नाव चुकीचं आहे असं मी तिला सांगून बसलो होतो, ते काही डोक्यातून जाईना.

त्यानंतर कधीतरी बॅबेजचं १८६४ सालचं आत्मचरित्र हातात आलं. त्यात एका घंटेची हकीकत आहे. तिच्यापर्यंत येतोच, आधी माणूस बघू.

बॅबेज जन्मला २६ डिसेंबर १७९१ ला, लंडनमध्ये. वडील बँकेच्या धंद्यातले, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. १८१० साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि तिथलं गणित त्याला शिळं वाटलं. जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांना घेऊन त्याने १८१२ मध्ये एक मंडळीच काढली, युरोपातलं नवं गणित इंग्लंडमध्ये आणायला. १८१४ मध्ये पदवी, त्याच वर्षी जॉर्जियाना व्हिटमोरशी लग्न. १८१६ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, वय २४. इथवर सगळं सरळ चाललेलं.

मग १८२१ साल आलं. हर्शेल आणि तो खगोलशास्त्राची काही कोष्टकं तपासायला बसले होते. तुम्ही बारावीला सायन्स घेतलं असेल तर लॉग टेबल हाताळलं असेल. त्या काळी असल्या कोष्टकांवर जग चालायचं. भर समुद्रात जहाज कुठे आहे हे काढायचं, विम्याचा हप्ता ठरवायचा, ताऱ्याची जागा सांगायची, सगळ्याला आधी कोष्टक. ती आकडेमोड माणसं हाताने करायची आणि त्या माणसांनाच कॉम्प्युटर म्हणायचे. एकच हिशोब दोन वेगळ्या कॉम्प्युटरांकडून करून घ्यायचा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून जुळवायची, अशी पद्धत. त्या दिवशी जुळवताना इतक्या चुका निघायला लागल्या की बॅबेज वैतागला आणि म्हणाला, हे सगळं वाफेवर चालणाऱ्या यंत्राने व्हायला हवं. पुढची ५० वर्षं त्याने त्या वाक्यामागे घालवली.

चुका किती असतील असं वाटतं? १८३४ मध्ये डायोनिशियस लार्डनर नावाच्या लेखकाने बॅबेजच्या यंत्रावर मोठा लेख लिहिला. त्यात कोष्टकांच्या ४० ग्रंथांचा हिशोब आहे. त्यांत मिळून ३,७०० चुका, आणि त्याही शुद्धिपत्रात छापून कबूल केलेल्या. न सापडलेल्या वेगळ्याच. त्याच लेखात एका शुद्धिपत्राची गंमत आहे: शुद्धिपत्रात चूक निघाली म्हणून दुसरं शुद्धिपत्र, आणि त्यातही चूक म्हणून तिसरं.

आणखी एक प्रकार बॅबेजने स्वतः शोधला होता. लॉगच्या वेगवेगळ्या पुस्तकांत अगदी त्याच जागी त्याच चुका आहेत, हे त्याला दिसलं. एका चिनी पुस्तकातही त्याच! दोन माणसं स्वतंत्रपणे गणित करताना नेमकी तीच चूक त्याच जागी करत नाहीत. म्हणजे हे गणित कुणी केलेलंच नव्हतं, युरोपातल्या एका जुन्या पुस्तकावरून उतरवलेलं होतं. कॉपी करणारा पकडला जातो तो बरोबर उत्तरांवरून नाही, चुकांवरून. परीक्षेला बसलेल्या कुणालाही हे माहीत असतं, बॅबेजने ते १८२७ मध्ये शोधनिबंधात मांडलं.

आता इथे एक गोष्ट नीट बघा. चूक नेमकी कुठे शिरते, याचे त्याने कप्पे पाडले होते. गणित करताना चूक होते. कागदावरून कागदावर उतरवताना होते. छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे लावताना सहाच्या जागी नऊ लावतो. तपासणाऱ्याचे डोळे थकतात. म्हणजे नुसतं गणित अचूक करणारं यंत्र पुरेसं नाही, उत्तर माणसाचा हात न लागता थेट साच्यात उमटलं पाहिजे. म्हणून त्याच्या पहिल्या यंत्राच्या, डिफरन्स इंजिनच्या, आराखड्यात छपाई पहिल्यापासून धरलेली होती.

यंत्राची युक्ती सोपी आहे. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. शेजारच्या दोन संख्यांमधले फरक काढा: ३, ५, ७, ९. त्या फरकांमधले फरक काढा: २, २, २. शेवटचा फरक बदलतच नाही. म्हणजे उलट निघालं तर नुसत्या बेरजा करत सगळं कोष्टक मिळतं, गुणाकाराची गरज नाही. बेरीज म्हणजे चाक फिरवणं, आणि हातचा म्हणजे एका चाकाने पुढच्याला एक घर ढकलणं. यात आणखी एक फायदा लपलाय. प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरावर उभं असल्यामुळे मध्ये एक जरी चुकलं तर पुढची सगळी चुकतात. त्यामुळे कोष्टकाची शेवटची संख्या वेगळ्या रीतीने काढून ताडून बघितली की मधल्यांचीही बरीच खात्री पटते.

आणि चाक दोन आकड्यांच्या मध्ये अडकलं तर? म्हणजे धड तीन नाही, धड चार नाही. इथे बॅबेजने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या कामात फार आवडतं. त्याने चाकांमध्ये शिरणाऱ्या पाचरींसारख्या पट्ट्या ठेवल्या. चाक थोडंसंच हललेलं असेल तर पट्टी त्याला जागेवर ढकलते. फारच हललेलं असेल तर पट्टी आत शिरत नाही आणि अख्खं यंत्र अडकून उभं राहतं. यंत्र मोडेल, थांबेल, पण चुकीचं उत्तर देऊन पुढे जाणार नाही, हा त्याचा आग्रह. आपण फॉर्ममध्ये नावापुढची चुकून पडलेली मोकळी जागा गुपचूप काढून टाकतो, आणि ३१ फेब्रुवारी ही तारीख मात्र सरळ परत पाठवतो. ढकलून नीट होण्यासारखं काय आणि थांबवण्यासारखं काय, हा फरक त्या पट्ट्यांत आहे.

१८२३ मध्ये सरकारने १,५०० पौंड दिले आणि काम सुरू झालं. जोसेफ क्लेमंट हा त्या वेळचा नावाजलेला कारागीर नेमला. काम मात्र लांबत गेलं, कारण एकसारखे हजारो भाग बनवायचं तंत्रच तेव्हा नवं होतं. त्यात १८२७ हे वर्ष बॅबेजवर कोसळलं. एका वर्षात वडील गेले, एक मुलगा गेला, जॉर्जियाना गेली आणि नुकतं जन्मलेलं बाळही गेलं. तो युरोपात भटकायला निघून गेला. परत आला तेव्हा त्याला केंब्रिजमधलं न्यूटनचं प्राध्यापकपद मिळालेलं होतं. ते त्याने ११ वर्षं सांभाळलं, व्याख्यान एकही न देता!

त्याच १८२७ मध्ये त्याचं स्वतःचं लॉग टेबल छापून आलं, १ ते १,०८,००० पर्यंतच्या संख्यांचं. प्रत पुन्हा पुन्हा दुसऱ्या कोष्टकांशी ताडून घेतलेली. पण त्याला एवढ्यानेही समाधान नव्हतं. वाचणाऱ्याचे डोळे चुकले तर? म्हणून १८३१ मध्ये त्याने कोष्टकाची तीच पानं रंगीत कागदांवर, वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापून घेतली, कोणत्या जोडीत आकडे सर्वांत कमी त्रासात वाचता येतात ते बघायला. फिकट राखाडी अक्षरात सूचना लिहिणाऱ्या आजच्या डिझायनर मंडळींनी तो संच एकदा बघावा असं मला फार वाटतं.

१८३२ मध्ये यंत्राचा एक तुकडा जोडून झाला, साधारण २,००० भागांचा, आणि तो बिनचूक चालला. बॅबेजच्या घरच्या शनिवारच्या मैफलींत तो पाहायला लंडनमधली बडी मंडळी यायची. पण पुढच्याच वर्षी क्लेमंटशी पैशांवरून बिनसलं आणि काम थांबलं ते कायमचं. १८४२ मध्ये सरकारने हात झटकले. तोवर १७,००० पौंडांहून जास्त खर्च झाला होता. बनवून ठेवलेले बरेचसे भाग पुढे मोडीत गेले.

याच काळातली एक गोष्ट इंटरनेटवर तुम्ही वाचली असेल. संसदेतल्या एकाने, आणि नंतर आणखी एकाने, बॅबेजला विचारलं की यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का. बॅबेजने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की असा प्रश्न सुचण्यासाठी डोक्यात कसला गोंधळ लागतो हे त्याला समजूच शकलं नाही. प्रोग्रामर लोक हा किस्सा मिटक्या मारत सांगतात. बघा, राजकारणी कसे अडाणी!

मला हे पटत नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत भाबडी असेल, पण प्रश्न योग्य होता. चुकीचं आत गेलं तर काय होतं? यंत्र ते ओळखतं का? थांबतं का? सांगतं का? की मुकाट्याने पुढे रेटतं? आत चाकं कितीही अचूक फिरोत, दारातून आलेला आकडाच चुकला तर ती अचूकता काय कामाची? माझ्या फॉर्मने उणे चार हे वय अगदी अचूकपणे साठवून ठेवलं होतं. आणि गंमत अशी की ज्या पुस्तकात बॅबेज त्या प्रश्नाला हसतो, त्याच पुस्तकात त्याने त्याचं उत्तरही दिलंय. ती घंटा.

१८३४ पासून तो दुसऱ्याच यंत्रामागे लागला होता. अ‍ॅनालिटिकल इंजिन. डिफरन्स इंजिन एकाच प्रकारचं काम करायचं, हे यंत्र सांगाल ते गणित करणार होतं. संख्या ठेवायला एक भाग, त्यांवर काम करायला दुसरा, आणि हुकूम द्यायला भोकं पाडलेली कार्डं. कार्डांची कल्पना जाकारच्या हातमागावरून घेतलेली, जिथे भोकांवरून कापडातली नक्षी ठरते. हे यंत्र पूर्ण असं कधी बनलं नाही, पण आराखड्यांची चळत त्याने रचली.

डब्लिनचा गणिती जेम्स मॅककला याच्याशी एकदा त्याचं बोलणं झालं. मॅककलाने विचारलं की गणिताच्या मध्येच यंत्राला एखाद्या संख्येचा लॉग लागला तर ते काय करेल. बॅबेजने दिलेलं उत्तर असं. यंत्र घंटा वाजवून थांबेल. शेजारी उभा असलेला मदतनीस येऊन बघेल, तर यंत्राला २३०३ या संख्येचा लॉग हवा आहे असं दिसेल. तो खणातून त्या लॉगचं कार्ड काढून यंत्रात घालेल. आता यंत्र ते कार्ड लगेच वापरणार नाही. आधी बघेल की हे मागितलेलंच कार्ड आहे का. असेल तर काम पुढे चालू. नसेल तर आधीपेक्षा मोठी घंटा वाजेल, यंत्र परत थांबेल, आणि कार्ड चुकीचं आहे अशी अक्षरं समोर येतील. मदतनीस योग्य कार्ड आणेल, मग काम पुढे.

ओळखणार कसं? कार्डावर लॉगबरोबर ती मूळ संख्याही भोकांनी नोंदलेली असते. मागितलेल्या संख्येतून कार्डावरची संख्या वजा करायची. बाकी शून्य आली तर कार्ड बरोबर. झालं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. व्हॅलिडेशनबद्दल आज जे शिकवतात त्यातलं बहुतेक सगळं या एका घंटेत आहे.

मदतनीस आंधळा नाही. तो खणातून कार्ड काढताना बघूनच काढतो. हे झालं क्लायंटकडचं, म्हणजे तुमच्या फोनवरच्या ब्राउझरमधलं व्हॅलिडेशन. चौकट रिकामी ठेवू नका, ई-मेलमध्ये अ‍ॅटचं चिन्ह हवं, आकडे दहाच हवेत. हे सगळं तिथल्या तिथे, नेटवर्कची वाट न बघता सांगता येतं. भरणाऱ्याचा वेळ वाचतो. पण ही सोय आहे, सुरक्षा नाही. ब्राउझर भरणाऱ्याच्या हातात असतो. पानावरचा नियम तो खोडू शकतो, जावास्क्रिप्ट बंद करू शकतो, किंवा फॉर्म न उघडताच सर्व्हरला थेट माहिती पाठवू शकतो.

म्हणून यंत्र मदतनीसाच्या तपासणीवर विसंबत नाही. तो प्रामाणिक असेल, त्याने बघूनही घेतलं असेल, तरी यंत्र आपली वजाबाकी करतंच. हे सर्व्हरकडचं व्हॅलिडेशन. तेच नियम, परत एकदा, अशा जागी जिथे भरणाऱ्याचा हात पोचत नाही. आणि शिवाय असे काही नियम जे ब्राउझरला कळणारच नाहीत: हा मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे का, ही जागा अजून शिल्लक आहे का. माझ्याकडे मदतनीस होता. यंत्रात वजाबाकी नव्हती.

मोठ्या घंटेकडेही लक्ष द्या. पहिली घंटा म्हणजे मला काहीतरी हवंय, दुसरी म्हणजे तू दिलेलं चुकलंय. दोन्हींचे आवाज वेगळे, आणि नेमकं काय चुकलं ते समोर लिहिलेलं. शिवाय तोपर्यंत झालेलं गणित पुसलं जात नाही, यंत्र आहे तिथेच वाट बघत उभं राहतं. एवढा मोठा फॉर्म भरून बटण दाबल्यावर एका चुकीपायी सगळ्या चौकटी रिकाम्या झालेल्या तुम्ही पाहिल्या असतीलच. १५० हून जास्त वर्षांपूर्वीचं न बनलेलं यंत्र यापेक्षा सभ्य होतं.

पण या वजाबाकीत एक भगदाड आहे, आणि ते बॅबेजला माहीत होतं. कार्डावरची संख्या २३०३ असली म्हणजे शेजारचा लॉग बरोबर असेलच असं नाही. कार्ड बनवणाऱ्याने लॉगच चुकीचा पाडला असेल तर घंटा वाजणार नाही. म्हणून त्याचा आग्रह असा की ही कार्डंसुद्धा यंत्रानेच काढून, यंत्रानेच भोकं पाडून ठेवायची. फॉर्ममध्येही हेच होतं. दहा आकडी नंबर रूपाने बरोबर असतो, पण तो तुमचाच आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ओटीपी पाठवावा लागतो. कार्ड नंबरचा शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांच्या गणिताशी जुळतो की नाही हे ब्राउझर क्षणात बघतो, पण त्या खात्यात पैसे आहेत का हे बँकच सांगणार.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो, कारण तिथे बॅबेजची घंटाही थेट कामाला येत नाही, नियम आपलाच लिहावा लागतो. ब्राउझरमध्ये तयार नियम थोडे असतात. बाकीचे आपण लिहायचे, आणि सूचनाही आपल्या शब्दांत द्यायची. नावाला कोणत्याही लिपीतली अक्षरं चालतील असा नियम मी नंतर लावला आणि खूश झालो. कमल आणि अमन ही नावं गेली. श्रद्धा अडकली! कारण युनिकोडच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायची खूण ही अक्षरं नाहीत, ती चिन्हं आहेत, वेगळ्या गटातली. अक्षरांबरोबर चिन्हांनाही परवानगी दिली तेव्हा श्रद्धा आत आली.

आकड्यांचं तर आणखी विचित्र. नियम लिहिताना कोणताही अंक असं सांगणारी एक खूण असते. जावास्क्रिप्टमध्ये ती फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखते. पायथनमध्ये नेहमीच्या मजकुरासाठी तीच खूण देवनागरी ० ते ९ सुद्धा धरते. म्हणजे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर पायथन असेल, दोन्हीकडे हुबेहूब तोच नियम लिहिलेला असेल, तरी मराठी कीबोर्डवरून टाकलेलं वय एकाला चालणार नाही आणि दुसऱ्याला चालेल. मी आता आधी सगळे अंक एकाच रूपात आणतो आणि मग तपासतो, दोन्हीकडे. एक जाता जाता: ब्राउझरमध्ये आपली सूचना लावली आणि चूक सुधारल्यावर ती रिकामी करायची राहिली, तर योग्य माहिती भरूनही चौकट अडूनच बसते. घंटा वाजत राहते. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

असो, बॅबेज. १८४० मध्ये त्याने इटलीत ट्युरिनला या यंत्राबद्दल सांगितलं. तिथल्या लुइजी मेनाब्रेआने त्यावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला, आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर करताना मूळ लेखापेक्षा लांब टिपा जोडल्या. तिच्यावर स्वतंत्र लेख हवा. इथे एवढंच, की यंत्र आपल्याला सांगता येईल तेवढंच करेल, हे तिने तेव्हाच स्पष्ट लिहून ठेवलं. श्रद्धाला अडवणारा नियम फोनने नाही, मी लिहिला होता.

१८४० च्या दशकाच्या शेवटी बॅबेजने डिफरन्स इंजिनचा दुसरा, कितीतरी सुटसुटीत आराखडा काढला. सरकारने नको म्हटलं. स्वीडनमधल्या शॉइट्झ बापलेकांनी लार्डनरचा तोच लेख वाचून आपलं यंत्र बनवूनही दाखवलं, आणि बॅबेजने त्यांचं मोकळेपणाने कौतुक केलं. स्वतःचं मात्र एकही यंत्र पूर्ण झालं नाही. यात कारागिरीच्या अडचणी होत्या, पैशांच्या होत्या, आणि माझ्या मते त्याच्या जिभेच्याही होत्या. रॉयल सोसायटीच्या कारभारावर त्याने १८३० मध्ये पुस्तकच लिहून आग पाखडली. पंतप्रधान पीलला १८४२ मध्ये भेटला तेव्हा मदत मागायच्या ऐवजी गाऱ्हाणी घेऊन बसला आणि भांडून बाहेर पडला. टेनिसनच्या कवितेत क्षणाला एक मरतो आणि एक जन्मतो अशा अर्थाचं काही होतं, तर मग लोकसंख्या वाढते कशी, आकडा दुरुस्त करा, असं त्याने कवीला कळवल्याचा किस्सा सांगतात. म्हातारपणी रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी त्याने उभा दावा मांडला आणि पोरं मुद्दाम त्याच्या दारात येऊन वाजवायची. यंत्राला त्याने शिकवलं होतं की काय चुकलं ते सांग आणि बरोबर मिळेपर्यंत थांब. माणसांसाठी त्याच्याकडे एकच सूचना होती, तुला अक्कल नाही. माझ्या फॉर्मचीही साधारण तीच होती.

१८ ऑक्टोबर १८७१ ला तो लंडनमध्ये गेला.

त्याचा मुलगा हेन्री हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात नोकरीला होता. परत गेल्यावर त्याने वडिलांचे कागद लावून १८८९ मध्ये पुस्तक काढलं आणि अ‍ॅनालिटिकल इंजिनचा गणित करणारा थोडा भाग बनवून घेतला. त्या तुकड्यावर पायच्या पटींचं कोष्टक काढलं. त्यात चुका होत्या.

लंडनच्या सायन्स म्युझियमने पुढे तो दुसरा आराखडा घेतला आणि बॅबेजच्या काळात जमली असती तेवढ्याच बारकाईचे भाग वापरून डिफरन्स इंजिनचा गणिताचा भाग १९९१ मध्ये, त्याच्या २०० व्या जन्मवर्षी, उभा केला. छपाईचा भाग २००२ मध्ये झाला. सगळे मिळून ८,००० भाग, ५ टन वजन, ३१ आकडी उत्तरं. आराखड्यातही थोड्या चुका सापडल्या, त्या बनवणाऱ्यांनी दुरुस्त केल्या. सुरुवातीला यंत्र सारखं अडकायचं. एखादं चाक जागेवर नसलं की पट्टी आत शिरायची नाही, दांडा फिरायचा थांबायचा, आणि मग माणसं बॅटरी घेऊन आत वाकून शोधायची, कोणतं चाक ते.